‘म्हस दूध चोरतीया’: गोठ्यातल्या शब्दांविषयी

प्रश्न असा आहे: “‘गाढवासारखा वागू नकोस’, ‘कुत्र्याच्या मौतीनं मरशील’ असं आपण सहज बोलून जातो. अशा बोलण्यामुळे आपण प्राण्यांशी वाईट वागतो का? हे शब्द, या म्हणी बंद केल्या तर फरक पडेल का?” विचारणारी मुलगी भाषाशास्त्र शिकते आहे. मी भाषेचा माणूस नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत एकतीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक सांगोला, मंगळवेढा, जत या दुष्काळी पट्ट्यात. त्यामुळे जे सांगतो ते गोठ्यात उभं राहून ऐकलेलं आहे.

शिव्यांचा भाग लवकर संपण्यासारखा आहे, तो आधी उरकतो. माझ्याकडे एक म्हातारबा यायचे, खिल्लार बैलांची जोडी घेऊन. बैलांना दिवसभर अशा शिव्या घालायचे की बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. पण त्यातल्या एका बैलाला खांदेसूज आली तेव्हा हाच माणूस तीन रात्री गोठ्यात घोंगडं टाकून झोपला. स्वतःच्या चहाआधी बैलाला पाणी पाजणारा माणूस तोंडानं काय बोलतो याची मी कधी फिकीर केली नाही. गाढवाचंही तसंच. पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो. तिथे तासभर उभं राहिलात तर दात, खूर, पाठ, चाल यांवर घासाघीस ऐकू येते. ‘गाढव’ ही शिवी मला तरी तिथे ऐकू आली नाही. ज्याचं पोट गाढवावर चालतं त्याच्या लेखी गाढव मूर्ख नसतं. ते अडलं तर ओझं जास्त झालंय की खूर दुखतोय, हे तो आधी बघतो. आणि म्हणींचं म्हणाल तर सगळ्याच काही जनावराच्या विरोधात नाहीत. ‘शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड’ ही म्हण ज्यानं पहिल्यांदा वापरली तो शेळीच्या बाजूचा होता.

घात करतात ते कामाचे शब्द. साधे, रोजचे, कुणाला खटकणारही नाहीत असे. बोलणाऱ्याला ते शब्द निदान वाटतात, आणि निदान झालं की माणूस जनावराकडे बघायचं थांबवतो.

“डॉक्टर, म्हस दूध चोरतीया.” हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब नाही. एक प्रसंग सांगतो. पंढरपुरी म्हैस, दुसरं वेत म्हणजे दुसऱ्यांदा व्यायलेली, दोन्ही वेळचं मिळून सहा-सात लिटर देणारी. अचानक दीड लिटरवर आली. मालकाचा पोरगा म्हणाला, चोरतीया. आधी दोन दिवस काठी झाली, मग शेपूट पिळून झालं, मग तालुक्यातून बाटली आणून दोन्ही वेळेला ‘पान्ह्याचं इंजेक्शन’ सुरू झालं. मी गेलो तेव्हा सुई टोचलेल्या जागी मानेवर टेंगूळ होतं. मी विचारलं, आधी धार कोण काढायचं? तर आई. आई कुठं आहे? मिरजेला, दवाखान्यात, ऑपरेशन झालंय. म्हणजे म्हशीचं काहीच बिघडलं नव्हतं, हात बदलला होता. पोराची नखं वाढलेली, खिशात मोबाईलवर गाणी, आणि बसल्या बसल्या सडाला हिसका. त्याच्या आजीनं खुंटीवरचं सुनेचं लुगडं काढून त्याच्या अंगावर टाकलं आणि म्हणाली, आता बस. पोरगं लाजून लाल झालं. चार दिवसांत दूध बरंचसं परत आलं. लुगड्याची युक्ती जुनी आहे. आमच्या पुस्तकात नव्हती, पण पुस्तकातलं कारण तिला बरोबर लागू पडतं.

कारण असं आहे. कासेत दूध असलं म्हणजे ते सडात आलंच असं नसतं. गाईच्या कासेतलं साधारण पाचवा हिस्सा दूध खालच्या पोकळीत तयार असतं, बाकीचं वर ग्रंथींच्या बारीक पिशव्यांमध्ये. म्हशीत तर खालचा हिस्सा जेमतेम विसावा. वरचं दूध खाली उतरायला मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटावं लागतं. ‘पान्ह्याचं इंजेक्शन’ म्हणजे तेच, बाहेरून टोचलेलं. वासरू ढुसण्या देतं, ओळखीचा हात कासेला लागतो, आंबोणाची पाटी समोर येते, तेव्हा ते सुटतं. म्हशीला यासाठी बरेचदा दोन मिनिटं किंवा जास्तच लागतात. भीती वाटली, सड दुखत असला, हात परका असला तर ऑक्सिटोसिन सुटतच नाही, आणि वरून ॲड्रेनलिन सुटून कासेकडचा रक्तपुरवठा आक्रसतो. म्हैस मनात आणून दूध रोखू शकत नाही. ‘चोरते’ या क्रियापदात मात्र हेतू आहे, गुन्हा आहे, आणि गुन्हा आला की शिक्षा आपोआप येते. कोकणात, देशावर, सगळीकडे ‘पान्हा येणे’ आणि ‘पान्हा न येणे’ असाही शब्दप्रयोग आहे. तोच पोरगा ‘पान्हा येत नाही’ म्हणाला असता तर पुढचा प्रश्न ‘का येत नाही’ हा झाला असता. ‘चोरते’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न ‘कशी काढून घेऊ’ हाच उरतो.

ही खोड जुनी आहे हे कायद्यातूनही दिसतं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात १२ वं कलम खास ‘फुका’ आणि ‘डूमदेव’ या प्रकारांसाठी आहे. पान्हा सुटावा म्हणून जनावराच्या मायांगात हवा फुंकायची किंवा काही खुपसायचं, असे हे प्रकार. दूध वाढवण्यासाठी तब्येतीला घातक असं इंजेक्शनसुद्धा त्याच कलमात येतं. पण मी काम केलं त्या तालुक्यांत या कलमाखाली गुन्हा दाखल झालेला मी पाहिला नाही. चोराला शिक्षा करणाऱ्यावर तक्रार कोण देणार?

आता ‘भाकड’. या शब्दावर मी जरा जास्त बोलणार, कारण माझ्या नोकरीत जनावरांचं सगळ्यात जास्त नुकसान याच शब्दानं केलं असं माझं मत आहे.

मराठीत ‘भाकडकथा’ म्हणजे निरर्थक बडबड. भाकड म्हटलं की रिकामं, निकामी हा अर्थ आधीच चिकटलेला असतो. गोठ्यात हा एक शब्द तीन वेगवेगळ्या जनावरांना लागतो. गाभणपणाचा आठवा महिना लागला म्हणून आटवलेली, म्हणजे दूध काढणं थांबवलेली गाय भाकड. दोनदा-तीनदा उलटली, गाभच राहत नाही, ती भाकड. आणि बारा-तेरा वर्षांची, आता पुन्हा न विणारी, तीही भाकड. तिघींची गरज वेगळी, आणि नशिबी येतो तो एकच कडबा.

यातली पहिली गाय विण्याआधीच्या त्या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त काम करत असते. गर्भाची निम्म्याहून अधिक वाढ शेवटच्या तिमाहीत होते. झिजलेल्या कासेची दुरुस्ती त्याच साठ दिवसांत होते. पुढच्या वेताचं दूध, चीक किती आणि कसला असेल, व्यायल्यावर गाय उभी राहील की दुग्धज्वरानं, म्हणजे कॅल्शियम कमी पडून, मान पोटाकडे वळवून बसेल, गर्भाची वार वेळेवर पडेल की अडकेल, यातलं बरंच काही या काळातल्या खुराकावर ठरतं. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत खुराक हळूहळू दोन-तीन किलोंवर न्यावा, असं आम्ही सांगायचो. समोरचा माणूस हसायचा. “भाकड जनावराला प्येंड? दूध देतीया तिला पुरंना.” तो कंजूष नसायचा. पेंडीचा भाव त्याच्या पाठीवर बसलेला असायचा, आणि ‘भाकड’ या शब्दानं त्याचा हिशेब आधीच करून ठेवलेला असायचा. मग गाय व्यायल्यावर अर्ध्या रात्री फोन, कॅल्शियमची बाटली, हजार-दीड हजाराचा खर्च. न घातलेल्या पेंडीचे पैसे तिथे गेलेच.

एका गावात मी वेगळंच करून पाहिलं. औषधाच्या नोंदवहीत आणि शेतकऱ्याला द्यायच्या चिठ्ठीवर ‘भाकड’ लिहायचं बंद केलं. ‘गाभण, आठवा महिना’ असं लिहायला लागलो. बोलतानाही तेच. तिथल्या दूध संस्थेच्या सचिवाला आधी वाटलं साहेब उगाच शुद्धलेखन करतायत. पण घरातल्या बायकांना तो शब्द लगेच पटला. आठवा महिना म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. एक काकू नवऱ्याला म्हणाल्या, “आठव्यात हाय ती, तिला निस्ता कडबा टाकतायसा व्हय?” मी कुठलीही पाहणी केली नाही, आकडे ठेवले नाहीत, त्यामुळे त्यानं अमुक टक्के फरक पडला असं सांगणार नाही. पण त्या गावात आटवलेल्या गाईबद्दलचं बोलणं बदललं, एवढं मी पाहिलं.

गाभ न राहणाऱ्या आणि म्हाताऱ्या भाकडांचं पुढे काय होतं, त्यासाठी तर वेगळीच शब्दसंपत्ती आहे. ‘बाजार दाखवला’, ‘हेड्याला’ म्हणजे जनावरांच्या दलालाला ‘दिली’, ‘काढून टाकली’. विकणाऱ्याला नेमकं काय झालं ते बोलायचं नसतं म्हणून हे शब्द आहेत, आणि मला त्यात ढोंगापेक्षा लाज जास्त दिसते. लाज वाटते तिथे निदान जनावराची आठवण असते.

सरकारी भाषेची गत काही फार वेगळी नाही. जुन्या भारतीय दंड संहितेत जनावराला मारणं, पांगळं करणं हा ‘आगळीक’ या प्रकारातला, म्हणजे मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा होता. ४२८ व्या कलमात दहा रुपये किमतीचं जनावर. ४२९ व्या कलमात हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, बैल, गाय यांची यादी आणि ‘पन्नास रुपये किंवा अधिक किमतीचं इतर कोणतंही जनावर’. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या ३२५ व्या कलमातून किंमत गेली. ‘निरुपयोगी करणे’ हे शब्द मात्र राहिले. वीज पडून किंवा पुरात जनावर गेलं की पंचनाम्यात त्याला एका रकान्यात बसवावं लागतं. २०२२ च्या निकषांनुसार गाय किंवा म्हैस ‘दुधाळ’ असेल तर ३७,५०० रुपये, बैल ‘ओढकामाचा’ म्हणून ३२,०००, वासराचे २०,०००. मदत मिळते हे चांगलंच आहे. पण पंचनामा लिहिताना मालक हात जोडून “दुभती लिवा, सायेब” म्हणतो, तेव्हा शब्दाची किंमत किती असते ते रुपयांत कळतं.

चांगल्या शब्दाचंही असंच. ३० सप्टेंबर २०२४ ला राज्य सरकारनं देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केलं आणि त्याच वेळी गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दिवसाला पन्नास रुपये अनुदानाचा निर्णय झाला. म्हणजे शब्दामागून पैसा आला. पण शेजारच्या दाव्याला बांधलेली जर्सी या शब्दात बसत नाही, आणि म्हैस तर नाहीच. आमच्या भागात दुधाचा धंदा बराचसा या दोघींच्या जिवावर चालतो, हे बोलून दाखवलं की लोक विषय बदलतात.

म्हशीवरून रेड्याकडे येतो. म्हैस व्यायली की पहिला प्रश्न “काय झालं?” रेडी झाली तर पेढे नसले तरी चेहरा फुलतो. “रेडा झाला” हे दोन अक्षरांचं जनावर सांगताना आवाज खाली येतो, कधी कधी तर “काय न्हाय, रेडा झाला” असंच म्हणतात. जन्मलेल्या जिवाची नोंद ‘काय न्हाय’ अशी. त्याला चीक पुरता पाजला जात नाही, जंताचं औषध मिळत नाही, आणि दोन-तीन महिन्यांत ते हगवणीनं जातं. कुणी मारत नाही, मरू दिलं जातं. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात माद्या दहा कोटींच्या वर आणि रेडे एक कोटीच्या आत होते. आधीच्या, २०१२ च्या गणनेपेक्षा रेडे ४२ टक्क्यांनी घटले होते. जन्मताना नर-मादी निम्मे निम्मेच असतात. मधे कमी झालेल्यांतले काही कत्तलीला जातात आणि कितीतरी गोठ्यातच संपतात. यात शब्दाचा दोष किती आणि पैशाचा किती? खरं सांगायचं तर पैशाचा जास्त. ट्रॅक्टर आल्यावर रेड्याला काम उरलं नाही. ज्ञानोबांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले म्हणून आपण सांगतो, ज्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे गावात आहे, त्या रेड्याचंच हे पोर. पण कथेनं पोट भरत नाही. ‘काय न्हाय’ हे शब्द एवढंच करतात की तो मरताना घरात कुणाला काही वाटत नाही.

तुझ्या अभ्यासाच्या दृष्टीनं एक गोष्ट महत्त्वाची वाटते. प्राण्याला नपुंसकलिंगी बोलल्यामुळे आपण त्याला वस्तू समजतो, असं काही अभ्यासक म्हणतात असं ऐकलं. मराठीत हे जसंच्या तसं लागू होत नाही. आपल्याकडे वासरू, कोकरू, करडू, पाखरू, पिल्लू सगळी नपुंसकलिंगी आणि त्यांच्याच रांगेत लेकरू आणि मूल बसलेली आहेत. ‘ते’ म्हणताना आपल्या तोंडात जिव्हाळाही असतो. ‘ते कुत्रं हाकल’ आणि ‘ते लेकरू झोपलंय’ यात लिंग एकच आहे. फरक आवाजात आहे, पुढच्या क्रियापदात आहे. व्याकरणाच्या मागे फार लागू नकोस.

‘मुकं जनावर’ हा शब्द मात्र मला खुपतो, आणि तो दयेचा आहे म्हणून जास्त खुपतो. जनावर मुकं असतं तर आमचा धंदाच चालला नसता. दात खातं, रवंथ थांबवतं, पाठ कमानीसारखी करतं, कान गार पडतात, उठबस करताना कण्हतं, कासेला हात लावला की पाय उचलतं. हे सगळं बोलणंच आहे. ‘मुकं’ म्हणणारा माणूस डोळ्यांतून पाणी काढतो आणि यातलं काहीही बघत नाही. ‘मारकी’ ठरलेल्या दहा गाईंत दोन-चारींच्या सडाला भेगा किंवा सुरू होणारी दगडी, म्हणजे कासेची सूज, मला सापडायची. त्या लाथ मारून तेच सांगत होत्या.

एक शब्द तर माणसाच्या जिवावर उठतो, ते सांगितलं पाहिजे. ‘पिसाळलेलं’ म्हटलं की डोळ्यांपुढे धावून येणारं, चावत सुटलेलं कुत्रं येतं. पण रेबीजचा एक प्रकार गप्प असतो. कुत्रं कोपऱ्यात पडून राहतं, जबडा लुळा पडतो, लाळ गळते. गाईम्हशीत तर “घशात काहीतरी अडकलंय” असंच वाटतं आणि घरचा माणूस तोंडात हात घालून बघतो. माझ्या ओळखीतल्या एका पशुवैद्यानंही घातला होता, नंतर त्याला सगळी इंजेक्शनं घ्यावी लागली. लाळ गळतेय, गिळता येत नाही, असं जनावर दिसलं तर हातमोज्याशिवाय तोंडात हात घालायचा नाही. आणि कुत्र्याचा ‘नुसता दात लागला’ असला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ‘नुसता’ या शब्दावर विसंबायचं नाही.

नाव ठेवल्यानं फरक पडतो का, असंही बरेच जण विचारतात. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी पाचशेवर दूध उत्पादकांना विचारून केलेली पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. गाईंना नावानं हाक मारणाऱ्यांकडे वेतामागे सरासरी २५८ लिटर दूध जास्त निघालं. त्यांना त्या वर्षीचा गंमतीचा इग नोबेल पुरस्कारही मिळाला. नावानं दूध वाढतं असा अर्थ मी काढत नाही. जो नाव ठेवतो तो जवळ जातो, आणि जवळ जाणाऱ्याला दगडी एक दिवस आधी कळते. कानात बारा आकडी पिवळा बिल्ला मारायचं काम मीही हजारो वेळा केलं आहे. लसीकरणाच्या नोंदीला तो हवाच. बिल्ला आल्यानं कुणी ‘कपिली’ म्हणायचं थांबलं नाही. थांबतात ते गोठा दहावरून साठवर गेला की.

मग शब्द बदलावेत का? वरून बदललेल्या शब्दांवर माझा फारसा भरवसा नाही. कुत्र्यांच्या प्रजनन नियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांत ‘सामुदायिक प्राणी’ असा शब्द आला. गावात अजून ‘भटकी’ आणि ‘मोकाट’च चालतं, आणि नसबंदीची गाडी येत नाही तोवर कुठलाही शब्द चालवला तरी पिल्लं तेवढीच होतात. गोठ्यातला शब्द गोठ्यातच, त्याच्याजवळच्या दुसऱ्या मराठी शब्दानं बदलतो. ‘चोरते’च्या जागी ‘पान्हा येत नाही’, ‘भाकड’च्या जागी ‘आठव्यात आहे’. हे शब्द कुणी घडवलेले नाहीत, आजीच्या तोंडी आधीपासून आहेत.

प्रकल्पच करायचा असेल तर म्हणींची यादी करू नकोस, ती ग्रंथालयात मिळेल. आठ दिवस एका गोठ्यावर पहाटे धारेच्या वेळी जा आणि माणूस जनावराबद्दल कोणती क्रियापदं वापरतो तेवढी लिहून काढ. चोरते, अडते, मारते, उलटते, आटली, माजावर आली. प्रत्येकाच्या पुढे त्यानंतरच्या पाच मिनिटांत हातानं काय केलं ते लिही. पोळा मिळाला तर तोही बघ. आमच्याकडे बैलांचा सण म्हणून बेंदूर असतो, पण विदर्भ-मराठवाड्यात पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे लोण्या-हळदीनं चोळतात आणि त्याला म्हणतात, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.” एरवी वर्षभर ‘हर्र’ ऐकणाऱ्या बैलाला त्या संध्याकाळी आदरार्थी बहुवचन. ते म्हणताना बोलणाऱ्याचा हात कुठे असतो, हेही वहीत लिही. बहुतेक वेळा तो जुवानं सोललेल्या जागेवर असतो, आणि दवाखान्यात मलम मागायला माणसं येतात ती त्याच आठवड्यात.